चावी चालू, इंजिन बंद: एका मॉरिस मायनरच्या कॉइलचे प्रकरण

पुण्यातील एका कुटुंबाकडे १९५३ सालची चार दारांची मॉरिस मायनर आहे. घरातल्या लग्नासाठी ती सजवून मंगल कार्यालयात नेली असताना इंजिन बंद असताना तिचे इग्निशन, म्हणजे चावीने चालू होणारी ठिणगीची विद्युतयंत्रणा, सुमारे तीन तास चालू राहिले. हे लक्षात आल्यावर चावी बंद करण्यात आली, थोड्या वेळाने सेल्फ मारला तेव्हा इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झाले, आणि बॅटरी उतरली नाही म्हणजे काहीच बिघडले नाही, असे सर्वांनी गृहीत धरले. त्याच संध्याकाळी नवरा-नवरीला घेऊन निघालेली गाडी आठेक किलोमीटरवर बंद पडली. रस्त्यावर भेटलेल्या मेकॅनिकने दोष मे महिन्याच्या उन्हाला आणि पेट्रोलच्या वाफेला दिला, आणि तोच निष्कर्ष पुढे काही दिवस चालत राहिला. नंतर ती गाडी तपासण्याचे काम माझ्याकडे आले. इग्निशन चालू राहिले की सगळे बॅटरीकडे पाहतात आणि नुकसान मात्र दुसरीकडे झालेले असते, हे या प्रकरणात फार स्पष्ट दिसले, म्हणून ते सविस्तर मांडत आहे.

गाडी आणि तिची वायरिंग

मॉरिस मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली गाडी १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिची सुरुवातीची आवृत्ती आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने जोडून विकली होती. प्रस्तुत गाडी त्यानंतरच्या ‘सीरीज टू’ प्रकारातली असून तिला ८०३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आहे. विद्युतयंत्रणा बारा व्होल्टची आहे, चार्जिंगला डायनॅमो आहे, आणि त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांप्रमाणे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले, म्हणजे ‘पॉझिटिव्ह अर्थ’ आहे.

या प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की या गाडीच्या चावीला ‘बंद’ आणि ‘चालू’ एवढ्या दोनच जागा आहेत. सेल्फ मारण्यासाठी डॅशबोर्डवर वेगळा खेचायचा खटका आहे. त्यामुळे चावी फिरवली की इंजिन चालू होत नाही, काही हलत नाही, कसला मोठा आवाजही होत नाही. लाल रंगाचा एक छोटा दिवा लागतो, आणि इंजिनच्या खोलीत मागच्या भिंतीवर बसवलेला एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप कार्ब्युरेटर भरेपर्यंत काही वेळा टकटक करून गप्प होतो. आजच्या गाडीत चावी विसरली तर ती शिट्टी वाजवते, दरवाजा उघडताच आठवण करून देते. इथे सूचना एवढीच, आणि तीही भर उन्हात उघड्या दारातून पाहणाऱ्याला दिसेलच असे नाही.

या गाडीचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगांचा एक पक्का संकेत आहे. पांढरी तार इग्निशन स्विचमधून निघते आणि तिच्यावर फ्यूज नसतो. हिरवी तार त्याच स्विचवर अवलंबून असते, परंतु ती फ्यूजमधून गेलेली असते. पेट्रोलचा काटा, वायपर आणि दिशा दाखवणारे सिग्नल हिरव्या तारेवर आहेत. कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी बॅटरीचे व्होल्ट वाढवणारे, डब्यात बंद केलेले वेटोळे) आणि पेट्रोल पंप मात्र पांढऱ्या तारेवर आहेत. याचा अर्थ असा की इग्निशन चालू राहिल्यावर ज्या दोन वस्तूंना खरा धोका असतो, नेमक्या त्याच दोन वस्तूंना फ्यूजचे संरक्षण नाही. रचनाकारांचा विचार त्यामागे होता. चालत्या गाडीचे इंजिन एका फ्यूजमुळे भर रस्त्यात बंद पडू नये, हा तो विचार. पण त्याची किंमत उभ्या गाडीला मोजावी लागते.

कॉइल कशामुळे तापते

जुन्या पद्धतीच्या इग्निशनमध्ये बॅटरीचा करंट कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून डिस्ट्रिब्युटरमधील (एकेका प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागातील) पॉइंटकडे, म्हणजे उघडझाप करणाऱ्या संपर्काकडे, जातो. पॉइंट मिटलेले असताना वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते, आणि ते उघडताच हे क्षेत्र कोसळून दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो व प्लगवर ठिणगी पडते. इंजिन चालू असताना हे मिटणे-उघडणे सेकंदाला कित्येक वेळा होते. प्रत्येक वेळी पॉइंट काही काळ उघडे असतात, आणि वेग वाढला की करंट पूर्ण वाढण्याआधीच ते उघडतात, त्यामुळे कॉइलमधून सरासरीने वाहणारा करंट मर्यादित राहतो.

इंजिन थांबलेले आणि पॉइंट मिटलेले असतील तर ही मर्यादा उरत नाही. या जातीच्या बारा व्होल्टच्या कॉइलचा प्राथमिक रोध तीन ओहमहून थोडा जास्त असतो. म्हणजे चावी चालू करताच जवळजवळ चार अँपिअर करंट सुरू होतो आणि तो अखंड वाहत राहतो. सुरुवातीला ही उष्णता पंचेचाळीस ते पन्नास वॅटच्या घरात असते. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, त्यामुळे करंट हळूहळू तीन अँपिअरच्या आसपास उतरतो. तरीही एक मोठा सोल्डरिंग आयर्न पत्र्याच्या बंद डब्यात तासन्‌तास चालू ठेवावा, अशीच ही अवस्था आहे. कॉइलमधील तारेवर वार्निशचा पातळ थर असतो, थरांमध्ये कागद असतो, आणि डब्यात तेल किंवा डांबरासारखा मसाला भरलेला असतो. उष्णतेने तेल प्रसरण पावून सांध्यांतून बाहेर येते, मसाला वितळतो, वार्निश ठिसूळ होते आणि शेजारचे वेढे एकमेकांना भिडू लागतात. टोकाच्या प्रसंगी डबा फुगतो किंवा फुटतो. आतून पूर्ण शॉर्ट झाल्यास पांढऱ्या तारेवर फ्यूज नसल्याने वायरिंग जळण्याचीही शक्यता असते.

पॉइंट उघडे राहिले असतील तर यातले काहीही होत नाही. प्राथमिक परिपथ तुटलेला असतो, कॉइल गार राहते, आणि बॅटरीवर लाल दिवा व पेट्रोलच्या काट्याचा किरकोळ भार तेवढा असतो. एकाच चुकीने एका गाडीचे काहीच बिघडत नाही आणि दुसरीची कॉइल जळते, याचे कारण हेच आहे. ‘माझी तर रात्रभर चालू होती, काही झाले नाही,’ असे सांगणाऱ्यांचा अनुभव खोटा नसतो. त्यांचे पॉइंट उघडे होते, एवढेच.

मग पॉइंट मिटलेले सापडण्याची शक्यता किती? चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये प्रत्येक ठिणगीच्या वाट्याला ९० अंश येतात, आणि त्यांपैकी सुमारे ६० अंश पॉइंट मिटलेले असतात. नुसत्या हिशेबाने ही शक्यता दोन-तृतीयांश झाली. परंतु इंजिन कोणत्याही जागी थांबत नाही. बंद करताना ते कुठल्यातरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून किंचित मागे येते आणि बहुधा पिस्टन वरच्या आणि खालच्या टोकांच्या मधोमध असताना स्थिरावते. फ्लायव्हीलच्या दातेरी कड्याचे दात चार सिलिंडरच्या इंजिनात समोरासमोरच्या दोनच ठिकाणी जास्त झिजलेले आढळतात, ते यामुळेच, कारण सेल्फचा दाता नेहमी तिथेच येऊन भिडतो. ही मधली जागा डिस्ट्रिब्युटरवर पाहिली तर पॉइंट उघडून परत मिटल्यानंतरची आहे. तेव्हा चार सिलिंडरची गाडी चावीने बंद केली असता पॉइंट मिटलेले असणे, हीच नेहमीची गोष्ट मानावी लागते.

लग्नाच्या दिवशी

गाडी सकाळी साडेनऊच्या सुमारास कार्यालयात पोहोचली. मालकांनी इंजिन बंद केले आणि चावी स्विचमध्येच ठेवून ते आत गेले. दहाच्या सुमारास लहान मुलांनी गाडीभोवती गर्दी केली. या गाडीला दोन दारांच्या मधल्या खांबांतून बाहेर येणारे पिवळे हात आहेत. वळायचे असेल त्या बाजूचा हात वर होतो आणि त्यातला दिवा लागतो. मुलांना ते हात पाहायचे होते. हात हिरव्या तारेवर असल्याने चावी चालू केल्याशिवाय ते हलत नाहीत. मालकांच्या पुतण्याने चावी फिरवली, दोन्ही बाजूंचे हात दाखवले, फोटो काढले गेले, हात खाली घेतले, आणि तेवढ्यात मुहूर्ताची हाक आल्याने सगळे आत गेले. पंपाची टकटक बाहेरच्या सनई-चौघड्यात ऐकू जाणे शक्यच नव्हते.

वेळेचा अंदाज कुणाच्या आठवणीवर सोडावा लागला नाही, ही या प्रकरणातली दुर्मीळ सोय. छायाचित्रकाराच्या फोटोंवर वेळ नोंदलेली होती. एका फोटोत दहा वाजून काही मिनिटांनी डावा हात वर आलेला दिसतो. साडेबाराच्या एका फोटोत नवरदेव स्टिअरिंगवर बसलेला आहे आणि त्याच्या मनगटापलीकडे लाल दिवा लागलेला स्पष्ट दिसतो. एकच्या सुमारास मालक गाडी सावलीत घ्यायला आले, तेव्हा त्यांना तो दिवा दिसला आणि उग्र वासही आला. त्यांनी चावी बंद करून बॉनेट उघडले. कॉइलला हात लावता येत नव्हता, असे त्यांनी मला सांगितले. पॉइंट मिटलेले होते याचा याहून वेगळा पुरावा नको.

त्या क्षणी काय करायला हवे होते, ते नोंदवणे आवश्यक आहे. कॉइल पूर्ण गार होऊ देणे, तिच्या मानेजवळ तेल आले आहे का हे पाहणे, आणि दुसरी कॉइल हाताशी असल्याशिवाय गाडी लांब न नेणे, इतके पुरेसे होते. प्रत्यक्षात पाऊण तासाने सेल्फ मारून पाहिला गेला, इंजिन लगेच लागले, आणि विषय संपला. बॅटरीचे गणित पाहिले तर यात आश्चर्य नव्हते. गाडीत ४५ अँपिअर-अवरची बॅटरी होती. तीन तासांत साधारण दहा अँपिअर-अवर खर्च झाले असतील, म्हणजे पाव भागाहूनही कमी. चांगल्या स्थितीतली बॅटरी एवढ्या खर्चानंतर लहान इंजिन सहज फिरवते. जोरात फिरलेल्या सेल्फमुळे सर्वांना जो दिलासा मिळाला, तो बॅटरीपुरता खरा होता.

रस्त्यावरचे निदान

संध्याकाळी पाचनंतर गाडी सिंहगड रस्त्यावरून औंधकडे निघाली. पहिली काही किलोमीटर ती ठीक चालली, मग चढाला मिसिंग सुरू झाले, आणि विद्यापीठ चौकाच्या पुढे ती बंद पडली. जवळच्या गॅरेजमधील मेकॅनिकने बोनेट उघडून पंपावर आणि कार्ब्युरेटरवर ओले फडके टाकले, अर्धा तास थांबायला सांगितले, आणि अर्ध्या तासाने इंजिन खरोखरच चालू झाले. गाडी घरी पोहोचेपर्यंत आणखी एकदा हेच घडले.

मेकॅनिकला दोष द्यावा असे मला वाटत नाही. मे महिना, वाहतूक कोंडी, इंजिनच्या उष्णतेत बसवलेला पंप आणि जुनी गाडी हे सगळे एकत्र आले की पेट्रोलची वाफ होणे ही पहिली शंका असणे स्वाभाविक आहे. शिवाय उपाय लागू पडला होता. अडचण ही की गार होऊ देणे हा उपाय दोन्ही रोगांना सारखाच लागू पडतो. तापलेली कॉइलसुद्धा अर्ध्या तासात निवते आणि पुन्हा ठिणगी देऊ लागते. उपायाने गुण आला म्हणून निदान बरोबर ठरत नाही, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही चूक फार वेळा होते.

दोन्हींत फरक करण्याची सोय मात्र याच गाडीत होती. विजेचा पंप पेट्रोलऐवजी वाफ खेचू लागला की त्याला भार राहत नाही आणि तो भराभर, न थांबता टकटकतो. मालकांना नीट आठवत होते की बंद पडल्यावर चावी चालू केली तेव्हा पंप दोन-तीन ठोक्यांत शांत झाला. याचा अर्थ कार्ब्युरेटर भरलेला होता आणि पंपाला पेट्रोलचा विरोध मिळत होता. त्याच वेळी एका प्लगची तार काढून तिचे टोक इंजिनच्या ब्लॉकजवळ धरून सेल्फ मारला असता, तर ठिणगी निळी व कडक आहे की पिवळी व लुळी, हेही कळले असते.

तपासणी

गाडी माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यातली ठिणगी शमवणारा भाग) आणि पॉइंट बदलले गेले होते, आणि दोष कायम होता. काढलेले जुने पॉइंट मालकांनी जपून ठेवले होते. त्यांची तोंडे स्वच्छ राखाडी होती, जळल्याचे चिन्ह नव्हते. हेही अपेक्षितच. पॉइंट जळतात ते उघड-मिट करताना पडणाऱ्या ठिणगीने. घट्ट मिटलेल्या पॉइंटमधून चार अँपिअर वाहत राहिले तरी त्यांना फारसा त्रास होत नाही. कंडेन्सर तर पॉइंटला समांतर जोडलेला असतो, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना त्याच्यावर दाबच नसतो. इग्निशन चालू राहिल्यावर सवयीने हे दोन भाग बदलले जातात, आणि या दोषाशी त्यांचा संबंध सर्वांत कमी असतो.

गार कॉइलचा प्राथमिक रोध ३.२ ओहम भरला, म्हणजे निर्दोष. केवळ एवढ्यावर थांबलो असतो तर कॉइल चांगली ठरली असती. म्हणून ती गाडीतून काढून, देखरेखीखाली, बॅटरीला जोडून अर्धा तास तापवली. निरोगी कॉइलचा रोध तापल्यावर वाढायला हवा. हिचा काही वेळ वाढला आणि मग तीनच्याही खाली घसरला. आतले वेढे गरम झाल्यावर एकमेकांना भिडत होते आणि गार झाल्यावर सुटत होते. मानेजवळच्या सांध्यात तेलाचा बारीक ओघळ होता, तोही पुसल्यावर परत आला. चालत्या गाडीत कॉइलला स्वतःच्या करंटची आणि इंजिनची अशी दुहेरी उष्णता मिळते, त्यामुळे आठ किलोमीटरनंतर ती नेमकी का दगा देत होती, हे यातून उलगडले.

पेट्रोल पंप सुस्थितीत निघाला. हा पंप पेट्रोल पुढे ढकलताना स्प्रिंगच्या जोरावर काम करतो आणि त्या वेळी त्याचे संपर्क उघडे असतात. कार्ब्युरेटर भरला की तो याच अवस्थेत थांबतो आणि करंट घेत नाही. त्याचे संपर्क मिटलेल्या अवस्थेत अडकले तरच त्याचे वेटोळे जळते. कार्ब्युरेटर भरल्यावर पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नसती तर मात्र पंप तीन तास थोडे थोडे पेट्रोल पुढे ढकलत राहिला असता, आणि तापलेल्या कॉइलच्या जवळपास ते सांडणे किती घातक ठरले असते, हे वेगळे सांगायला नको. डायनॅमोलाही धोका नव्हता, कारण इंजिन थांबलेले असताना कटआउटचे, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, संपर्क उघडे राहतात.

नवी कॉइल आणि पुढची व्यवस्था

कॉइल बदलण्यात दोन खाचखळगे होते. आज दुकानांत मिळणाऱ्या अनेक कॉइल बाह्य रोधासह वापरण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यांचा प्राथमिक रोध दीड ओहमच्या आसपास असतो. अशी कॉइल या गाडीत थेट जोडली तर इंजिन उत्तम चालते, मात्र करंट दुप्पट होतो, पॉइंट लवकर जळतात, आणि इग्निशन पुन्हा विसरले गेले तर कॉइल फार लवकर जाते. म्हणून तीन ओहमची कॉइल शोधून घेतली. दुसरा मुद्दा ध्रुवतेचा. जुन्या लुकास कॉइलवर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशा खुणा असत, म्हणजे एक टोक स्विचकडे आणि दुसरे पॉइंटकडे. नव्या कॉइलवर अधिक आणि उणे असते, आणि ते बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून. या गाडीत अधिकचे टोक डिस्ट्रिब्युटरकडे जोडावे लागते. उलट जोडले तरी इंजिन चालते, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त दाब लागतो आणि चढावर किंवा गरम इंजिनला ते जाणवते.

विसरण्यावर उपाय शोधणे हे काही नवे काम नाही. १९१०-२० च्या दशकांत अमेरिकेतील कनेक्टिकट कंपनीच्या इग्निशन स्विचमध्ये उष्णतेने वाकणारी पट्टी असे. इंजिन बंद असताना करंट वाहत राहिला की ती तापून स्विच आपोआप सुटत असे. डेल्को कंपनीच्या यंत्रणेत कॉइलच्या मार्गात एक रोधक तार ठेवलेली असे, जी तापून करंट कमी करी. मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनासोबत फिरून स्वतःच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या गाड्यांना हा प्रश्नच नाही, कारण त्यांची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नसते. तिथे स्विच ‘बंद’ करणे म्हणजे मॅग्नेटोला बॉडीशी जोडणे. इतक्या जुन्या तोडग्यांनंतर १९५० च्या दशकातील लहान, स्वस्त ब्रिटिश गाडीत मात्र फक्त लाल दिवा शिल्लक राहिला. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मोड्यूल बसवणे हा उपाय काही जण सुचवतात. पण अनेक साध्या मोड्यूलांच्या माहितीपत्रकातच इंजिन बंद असताना इग्निशन चालू ठेवू नये असा इशारा असतो, आणि ती जळतात तेव्हा गार होऊन परत चालू होत नाहीत.

मालकांशी बोलून दोन गोष्टी केल्या. बॅटरीच्या अर्थच्या तारेवर, म्हणजे या गाडीत धन टोकावर, हाताने फिरवायचा कटऑफ स्विच बसवला. गाडी कुठेही प्रदर्शनाला उभी केली की तो फिरवायचा. दुसरे, लाल दिव्याला समांतर एक छोटा बझर जोडला. दिवा लागलेला असतो तेव्हाच तो वाजतो, इंजिनाने वेग घेऊन डायनॅमो चार्ज करू लागला की दिव्यासोबत गप्प होतो. बझरला अधिक-उणे असते आणि ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ असल्याने त्याची तांबडी तार कुठे जाते हे मीटरने तपासूनच जोडावे लागले. सिग्नलला गाडी आयडलवर उभी असली की तो कुरकुरतो, याबद्दल मालकांची तक्रार आहे, आणि ती मला मान्य आहे. आयडलचा वेग किंचित वाढवून ती बरीचशी मिटली.

याने गाडीचे मूळ स्वरूप बदलते का, हा प्रश्न मालकांनी उपस्थित केला होता. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली बिगर-व्यावसायिक वाहने ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येतात, आणि तिथे चासी, बॉडी व इंजिनात मोठे फेरफार नसावेत अशी अट आहे. कटऑफ स्विच आणि बझर या दोन्हींसाठी एकही नवे भोक पाडलेले नाही आणि एकही मूळ तार कापलेली नाही. स्विच बॅटरीच्या टोकाला क्लॅम्पने बसतो, आणि बझर डॅशबोर्डच्या मागे मूळ जोडांवर अडकवलेला आहे. स्पर्धेच्या परीक्षकांसमोर जाताना दोन्ही दहा मिनिटांत काढता येतात. कॉइल मात्र नवीच राहील. जुनी कापून पाहण्याची माझी इच्छा होती, पण मालकांना ती घरातल्या कपाटात ठेवायची होती, म्हणून तिच्यावर ‘खराब, वापरू नये’ अशी चिठ्ठी लावून परत दिली.